टेक्याला धरलेले तीन पाय

मी एक जुना, बुटका ट्रायपॉड आहे. मण्यांच्या माळेसारखे माझे तीन पाय कशालाही वेढा घालू शकतात. मित्रांनो, आता मी अमरावतीत एका कपाटाच्या तळाशी पडून असतो.

मला रागिणीने निवडलं. ती लग्नांचे फोटो काढते. दुकानात माझ्याशेजारी एक सडपातळ, देखणा ट्रायपॉड होता. दुकानदार श्याम म्हणाला, "तो मोबाइलसाठी ठीक आहे, ताई. तुमची लेन्स कॅमेऱ्याहून जड. त्याची मान लटकन."

"अन् याची नाही लटकनार?"

"लावून पाहा ना! कॅमेरा, लेन्स, दोन्ही चढवा."

तिने दोन्ही माझ्या डोक्यावर चढवली, मला जिन्याच्या कठड्याला गुंडाळलं आणि चांगलं हलवलं. मी ढळलो नाही.

बडनेऱ्याच्या लग्नांत मी मांडवाच्या बल्ल्यांना, त्या लाकडी खांबांना, बिलगून राहिलो. एवढासा, पण पकड पाहा, असं लोक म्हणत. मला त्याचा अभिमान होता.

मग वरूडची बाग आली. रागिणीचे बाबा सूर्यभान यांची संत्र्याची झाडं मुळापासून सडत होती. मरणाऱ्या झाडांना यंदा फळ मात्र लगडलं होतं. हा शेवटचा तोडा. नंतर झाडं उपटायची होती. लोकांना जोडीने उभं करणाऱ्या रागिणीचा बाबांसोबत बागेतला एकही फोटो नव्हता.

इकडे फळाने वाकलेल्या फांदीखाली बांबूचा टेका देतात. रागिणीने असा एक टेका हलवून पाहिला. फांदीच्या भाराखाली तो पक्का होता. तिने मला त्याला गुंडाळलं, वर कॅमेरा बसवला.

"बाबा, हलू नका."

"नुसता बुजगावण्यावानी उभा राहू का वं? हात चालू दे माहे."

"मंग तोडा. पण इकडे पाहा."

"कॅमेऱ्याकडे पाहू का संत्र्याकडे? एक सांग."

ती हसली. ती कॅमेरा जुळवत राहिली आणि बाबा त्याच फांदीची फळं टोपलीत टाकत राहिले. एक जन्मभर टेके लावणारा, दुसरी बागेत वाढलेली. तरी दोघांच्या ध्यानात आलं नाही. फळ उतरलं की फांदी वर उठते. फांदी उठली की टेका मोकळा होतो.

तिने बटण दाबून व्हिडिओ सुरू केला, फोटो त्यातूनच काढायचा होता, आणि ती बाबांकडे निघाली. टेका कलला. माझे तिन्ही पाय त्याला घट्ट धरून होते. तसेच आम्ही खाली आलो. लेन्स फुटली.

व्हिडिओत खाली पाहणारे बाबा आहेत आणि रागिणीची पाठ. ती पोहोचायच्या आत नुसती माती.

"मोबाइलवर काढू, बाबा."

"राहू दे वं. मले समजाले पायजे होतं." ते टोपली उचलून निघून गेले.

दिवाळीत तिने मला पुन्हा वरूडला नेलं. बागेच्या जागी उघडं वावर होतं.

"झाडं नाही, त कायचा फोटो?" बाबा म्हणाले.

तिने मला पिशवीतून काढलंच नाही. तेव्हापासून माझे सांधे आखडत चालले आहेत.

मित्रांनो, वस्तू कशाच्या आधाराने उभी आहे, ते आधी नीट पाहत जा. माझी विनंती मात्र वेगळी आहे. आम्ही निघालो तेव्हा बाबा त्या रिकाम्या वावरात एकटेच उभे होते. त्यांच्याशेजारी उभं राहायला झाडं लागत नाहीत, एवढं कुणीतरी रागिणीला सांगा.