लाओसानला उभं कसं केलं

गेंग शौयीनं चाबूक उगारला तसा लाओसान मागे सरला, आणि दोन्ही हातांनी वीट उचलून ताठ उभा राहिला. ग्वेलिन शहराच्या नदीकाठच्या फरशीवर जमलेले लोक खिदळले. माकडानं धन्यावर उलटायचं, हाच खेळातला सगळ्यात रंगणारा भाग होता. चाबूक लाओसानच्या कानाशी नुसता कडाडायचा, केसालाही लागायचा नाही. लाओसान मात्र वीट खरीखुरी फेकायचा आणि शौयी ती चुकवताना मुद्दाम तोंडावर आपटायचा.

"हाण म्हाताऱ्याला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "बायकोनं सोडला असेल, तू सोडू नको!"

"बायको हजार मैलांवर आहे म्हणून तर धडधाकट आहे," शौयीनं पडल्या पडल्या उत्तर दिलं. पुन्हा हशा.

तो उठला, चाबूक परत उगारला, आणि तेवढ्यात एक उंच परदेशी बाई गर्दीतून पुढे येऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली. तिनं नुसता हात आडवा धरला. तिच्या मागोमाग एक मुलगी धावत आली. गळ्यात प्रवासी कंपनीचा बिल्ला होता.

"काका, रागावू नका. मी लू वेन, ह्यांची दुभाषी. ह्या हॉलंडच्या. ह्यांना वाटलं तुम्ही खरंच मारताय."

"मारतोय?" शौयी हसला. "बघू दे म्हणावं त्यांना. एक वळ दिसला तर चाबूक नदीत फेकतो."

बाई खाली बसली. लाओसानच्या पाठीवरचे केस तिनं बोटांनी बाजूला करून पाहिले, मग खांदे, मग मांड्या. एकोणीस वर्षांचं ते माकड शांत उभं राहिलं. वळ नव्हता. बाईचा चेहरा सैल झाला. तिनं काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत, हा इतका ताठ कसा उभा राहतो? कसं शिकवलंत?"

अडतीस वर्षं शौयी गहू पेरून झाला की शिन्येहून, आपल्या गावाहून, निघायचा आणि गहू पिकायच्या आत परतायचा. शेकडो गावांत त्यानं खेळाची पेटी उघडली होती. चावतो का, दारू पितो का, नर की मादी, असलं सगळं लोकांनी विचारलं होतं. हे कुणीही विचारलं नव्हतं.

"सहा महिन्यांचा असताना," तो म्हणाला. "हात मागे बांधायचे. गळ्यातली दोरी भिंतीत वर खुंटीला, अशी की बसलं तर गळा आवळेल. पहिल्या दिवशी अर्धा तास. मग वाढवत न्यायचं. चाळीस दिवसांत कणा सरळ होतो. काही पिल्लं तीन-चार दिवस रडतात. हा नऊ दिवस रडला होता."

लू वेन त्याच्याकडे बघत राहिली. मग बाईकडे वळून तिनं दोन-तीनच वाक्यं सांगितली. बाई हसली आणि लाओसानच्या डोक्यावरून हात फिरवू लागली.

शौयीला त्यांची भाषा कळत नव्हती, पण लोकांचे चेहरे वाचण्यावरच त्याचं पोट होतं.

"काय सांगितलंस, पोरी?"

"सांगितलं, लहानपणापासून लाडानं, शेंगदाणे देऊन शिकवलं."

"मी असं बोललो नाही."

"काका, त्या उद्या निघून जाणार. कशाला उगाच? तुमच्याच बऱ्यासाठी बोलले."

"शेंगदाणे नंतर दिले. आधीचं सांग."

"अहो, पण का?"

ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. "तिनं एवढ्या मनानं पाठ तपासली," तो म्हणाला. "आणि मी छाती फुगवून उभा होतो. सांग तिला."

लू वेननं मान खाली घालून सांगितलं. बाईचा हात लाओसानच्या डोक्यावर थांबला. ती ओरडेल असं शौयीला वाटलं होतं. तिनं फक्त एक प्रश्न विचारला.

"त्या म्हणतायत, ह्याला ते आठवत असेल का?"

"ते मला ठाऊक नाही," शौयी म्हणाला.

बाई उठली आणि फोटो न काढताच गेली. लोक खोळंबले होते. "चला आजोबा, पुढे!" कुणीतरी म्हणालं. शौयीनं चाबूक कडाडला, लाओसाननं वीट फेकली. शौयीला बाजूला व्हायचं सुचलं नाही. वीट गुडघ्यावर बसली. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा तोच होता.

तिसऱ्या दिवशी तो खेळ आवरून, लाओसानला घेऊन गावी पोचला. बायको शिउचीन अंगणात मुळे धूत होती.

"अगंबाई, तुम्ही! गव्हाला अजून तीन महिने आहेत. आजारी बिजारी आहात का?"

"गुडघा सुजलाय."

तिनं गुडघा बघितला, मग त्याचं तोंड बघितलं, आणि शेवयांसाठी पाणी ठेवलं.

संध्याकाळी धाकटा भाऊ शौलिन टोपली घेऊन आला. आत माकडाचं पिल्लू होतं, मुठीएवढ्या तोंडाचं. "बरं झालं आलास, दादा. ह्याला तूच उभं कर. मी केलेली सगळी वाकडी चालतात, लोक मला हसतात."

"माझ्याकडून होणार नाही."

"गुडघा बरा झाल्यावर कर की."

"तेव्हाही नाही."

शौलिन चिडला. "आबांनी आपल्याला दिलं काय? ती रेताड जमीन आणि ही विद्या. तू आता साधू होणार, आणि मी काय खायचं?"

शौलिन टोपली उचलून गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सामाईक भिंतीपलीकडून पिल्लाचं रडणं सुरू झालं. बारीक, एकसारखं. दुपारी थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"लाओसान खात नाहीये," शिउचीन तिसऱ्या दिवशी म्हणाली.

शौयीनं पाहिलं. भिंतीपासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन, साखळी ताणून, लाओसान अंगणाच्या कोपऱ्यात बसला होता. समोरच्या रताळ्याला त्यानं हातसुद्धा लावला नव्हता. शौयीनं साखळी सोडली. माकड जागचं हललं नाही.

चौथ्या दिवशी शौयीनं खेळाची पेटी खांद्यावर घेतली आणि लंगडत भावाच्या दारात नेऊन ठेवली.

"मुखवटे आजोबांच्या वेळचे आहेत. चाबूकही आत आहे. पेटी तुझी. पिल्लू मला दे."

शौलिननं झाकण उघडलं, न्यायाधीशाचा लाल मुखवटा हातात घेतला. इतकी वर्षं त्याला तो हवा होता. "दादा, मी दुसरं पिल्लू आणीन."

"माहीत आहे."

"मग ह्याचा उपयोग काय?"

"हे दे," शौयी म्हणाला.

शौलिननं स्वतःच दोरी सोडली. गाठ सुटली तरी पिल्लाचे हात मागेच राहिले. शौयीनं त्याला कोटाच्या आत घेतलं आणि वाटभर त्याचे खांदे अंगठ्यानं चोळत राहिला.

"आता ह्याला काय शिकवणार?" शिउचीननं दारातूनच विचारलं.

"काही नाही."

"आणि आपण?"

"लसूण लावू. बघू."

शौयीनं पिल्लाला अंगणात ठेवलं आणि तो उंबऱ्यावर टेकला. ते चार पायांवर तोल सांभाळत दोन पावलं गेलं आणि बसलं. बऱ्याच वेळानं लाओसान कोपऱ्यातून उठला. त्यानं पिल्लाला हुंगलं, पाय धरून जवळ ओढलं, आणि त्याच्या मानेवरचे केस विंचरून उवा शोधायला लागला.

"खाऊन घ्या, शेवया निवतायत," शिउचीन म्हणाली.

"थांब जरा," शौयी हळूच म्हणाला. आपण उठलो तर ती दोघं दचकतील, म्हणून सुजलेला पाय लांब पसरून तो उंबऱ्यावर तसाच बसून राहिला.