मुदतीच्या सेकंदाला

तपासणीच्या दाखल्यावर सही मी करणार नव्हते, मग आमचा साहेब गॅरेट पेन पुढे धरून दिवसभर उभा का राहीना!

"नोरीन, सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत, पास," तो म्हणाला. "आणखी काय हवंय तुला?"

हिरव्या होत्या, कारण मीच त्या अर्धवट लिहिल्या होत्या.

हॅलिफॅक्सच्या आमच्या छोट्या कंपनीने खेकडा कारखान्याच्या कामगारांसाठी मतदानाचा स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे मतं घेऊन आपोआप निकाल देणारा संगणकी करार, बनवला होता. कारखाना विकायचा की नाही, यावर सात दिवस मतदान, मग निकाल. हा करार खऱ्या ब्लॉकचेनवर, म्हणजे हजारो संगणकांवरच्या सामायिक नोंदवहीत, एकदा चढला की कुणाच्या बापाला बदलता येत नाही. म्हणून आधी आमच्या संगणकावरच्या नकली ब्लॉकचेनवर तपासायचा. तिथे सात दिवस वाट बघावी लागत नाही, एक आज्ञा दिली की घड्याळ पुढे. आणि मी बावळट, दर वेळी सात दिवस आणि वर एक तास अशी उडी मारत होते. बरोब्बर मुदतीच्या सेकंदाला काय होतं, ते आज सकाळी पहिल्यांदा बघितलं आणि हादरलेच.

"एका सेकंदाने काय आभाळ कोसळतंय?" गॅरेट चिडला. "तीन वाजता करार चढवायचाय. सही कर, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस."

"नाही येत, जा! पण सही करणार नाही."

कामगारांच्या वतीने आलेली लॉर्ना समोरच बसली होती. तीस वर्षं खेकडे फोडून तिची बोटं वाकडी झालेली. "पोरी, मला दाखव," ती म्हणाली.

"हे जरा तांत्रिक आहे..." गॅरेट पुटपुटला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. घड्याळ बरोब्बर मुदतीवर आणलं. निकाल मागितला: विकायचा नाही, एका मताने. त्याच सेकंदात आणखी दोन मतं टाकली. करारानं ती मुकाट घेतली. पुन्हा निकाल मागितला: विकायचा.

लॉर्नाचा चेहरा उतरला. "म्हणजे निकाल बघून कुणीही..."

"हो. आणि हे आधीच बघायला हवं होतं. चूक माझी."

"आता मागे घेता येतं का?"

मी एक आज्ञा दिली. दोन्ही मतं गेली, घड्याळ मागे आलं. "इथे येतं. तिथे नाही."

लॉर्ना उठली. तिनं गॅरेटच्या हातातला कागद काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि डब्याच्या पिशवीत टाकला.

"तीन वाजता काही चढणार नाही," ती त्याला म्हणाली. "आणि सोमवारी ही पोरगी इथे दिसली नाही, तर आम्हीही दिसणार नाही."