सुमारे दोनशे सोळा

पान ठेवायचं की काढायचं, याचा निकाल रविवारी दुपारी बाराला लागणार होता. आज शुक्रवार होता आणि संघप्रियाने सकाळपासून चर्चेचं पान अकरा वेळा उघडून पाहिलं होतं. रबाळ्याच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ब्युरेटचं वाचन तीन-तीनदा घेणारी म्हणून तिची थट्टा व्हायची. आज मात्र एक नमुना तिला पहिल्यापासून करावा लागला, कारण आकडा लिहायचाच राहून गेला.

“पान माझ्या आजीचं आणि टेन्शन तुला,” बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवता डकवता उन्नती म्हणाली. “आजीला तर पान म्हटलं की चुना आठवतो.”

दोघी नेरूळच्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. संघप्रिया गेली तीन वर्षं नेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात फावल्या वेळी संपादन करायची. कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं असा तो ज्ञानकोश. पगार कुणालाच नाही, भांडणं मात्र पगार मिळत असल्यासारखी. दिघ्याच्या घरी सकाळी चहाबरोबर ती आदल्या दिवशी तयार झालेल्या पानांची यादी तपासायची. त्यात क्लासच्या जाहिराती असत, ‘युवकांचे आशास्थान’ असलेल्या कुणाकुणाचे वाढदिवस असत. एकाने ‘कान्हा (जन्म २०१९)’ असं पान केलं होतं. चौथ्या ओळीत कळायचं की कान्हा हा लॅब्रेडोर आहे. संदर्भ म्हणून मालकाने लिहिलं होतं, ‘मी स्वतः’. अशा पानांवर ती ‘वगळण्यासाठी प्रस्तावित’ ही पाटी लावायची, कारण लिहायची, लिहिणाऱ्याला सभ्य शब्दांत कळवायची आणि वर शिव्या खायची.

महिन्यापूर्वी उन्नतीने तिच्याकडूनच शिकून आजीचं पान लिहिलं होतं. सखू नामदेव म्हात्रे, घणसोलीच्या खाडीकाठच्या मिठागरात काम करणारी बाई. ठेकेदार प्यायचं पाणी रॉकेलच्या डब्यातून आणायचा. सखूने बायकांना दोन दिवस बांधावर बसवलं, तिसऱ्या दिवशी माठ आले. पान नीट लिहिलेलं होतं, पण संदर्भ एकही नव्हता. म्हणून पंढरी नावाच्या लातूरकडच्या जुन्या प्रचालकाने, म्हणजे पान काढायचा अधिकार असलेल्या संपादकाने, त्यावर पाटी लावली. सात दिवस चर्चा, मग निकाल. मैत्रिणीचं पान म्हणून संघप्रियाने ठेवा किंवा काढा असं मत दिलं नाही. एवढंच लिहिलं, ‘स्वतंत्र, छापील संदर्भ मिळाल्यास ठेवता येईल.’

उन्नतीला घाई होती. गावठाणामागे नवा बगीचा होत होता आणि रविवारी संध्याकाळी गावच्या समितीत त्याचं नाव ठरायचं होतं. तिने आजीचं नाव दिलं होतं. समितीतले आप्पा म्हणाले होते, “नेटवर हाय का काय तिचा? असल तं छापून जोड.” तिने पानाची प्रत अर्जाला जोडली होती. आता बैठकीत कुणी मोबाइल उघडला आणि तिथे पानच नसलं तर?

दुपारी डबे उघडले तेवढ्यात उन्नती ओरडली, “मिळालं!”

तिच्या मामेबहिणीने एका स्थानिक पेपरच्या महिला दिनाच्या पुरवणीतलं कात्रण शोधून पाठवलं होतं. ८ मार्च २०२४. आजीचं नाव, मिठागर, माठ, सगळं होतं त्यात. उन्नतीने ते बसल्या जागी चर्चेत टाकलं. अर्ध्या तासात तिघांनी ‘ठेवा’ म्हटलं. खुद्द पंढरींनी लिहिलं, ‘संदर्भ समाधानकारक वाटतो.’

“बोल आता!” उन्नतीने आपल्या डब्यातली सुकट तिच्या भाकरीवर वाढली.

संघप्रिया कात्रण वाचत होती. ‘या लढ्यात सुमारे दोनशे सोळा स्त्रिया सहभागी झाल्या होत्या.’ घास तिच्या हातातच राहिला. माणसं सुमारे दोनशे म्हणतात. सुमारे सव्वादोनशे म्हणतात. सुमारे दोनशे सोळा असं कुणी म्हणत नाही. म्हणणारं एकच माणूस तिला माहीत होतं.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला ती पहिल्यांदा उन्नतीच्या घरी गेली, तेव्हा आजीने ही गोष्ट सांगितली होती. बायका किती होत्या असं तिने विचारल्यावर आजी म्हणाली होती, बारा मिठागरं, एकेकावर अठरा-वीस बाया. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत बसून तिने ज्ञानकोशातल्या मिठागरांच्या लेखात एक परिच्छेद घातला. तेव्हा नियम माहीत नव्हते, स्वतःचं खातंही नव्हतं. बारा गुणिले अठरा. वीस न धरता अठरा धरले ते सावधगिरी म्हणून. आणि गुणाकार आपणच केलाय, तर ‘सुमारे’ लावणं प्रामाणिकपणाचं, असंही तिला वाटलं होतं.

तिने त्या लेखाचा इतिहास उघडला. १४ ऑगस्ट २०२२. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसता आकड्यांचा पत्ता, कॉलेजच्या कॉम्प्युटरचा. पेपरवाल्याने तिचा परिच्छेद जवळजवळ जसाच्या तसा उचलला होता, आजीच्या नावासकट. आणि आता तोच उलटून उन्नतीच्या पानाचा पुरावा म्हणून उभा होता. त्या पत्त्यामागे कोण होतं, हे तिच्याशिवाय कुणालाही कधी कळलं नसतं.

“काय गं, काटा अडकला?”

“नाही. उद्या आजींकडे येऊ?”

“ये की! आजी खूश होईल. उद्या... नाही, आजच रात्री वाचून दाखवते तिला पेपर. तिला आणि सगळ्या आळीला.”

आजीकडून आकडा पुन्हा, कोरा ऐकावा आणि मग काय ते ठरवावं, असं संघप्रियाने स्वतःला बजावलं. पण हे तपासणं होतं की पुढे ढकलणं, हे तिला सांगता आलं नसतं. ‘चर्चेत सामील व्हा’ हे बटण तिने संध्याकाळपर्यंत चार वेळा दाबलं आणि चार वेळा खिडकी बंद केली.

शनिवारी अर्धा दिवस. घणसोली गावात दोन घरांच्या मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढ्या बोळातून ती उन्नतीमागे चालली होती. तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. आजी ओटीवर सुपात सुकी करंदी, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, निवडत बसली होती.

“ये बाय, ये. बस. चाय टाक गं उन्नती.”

संघप्रियाने वही काढली. “आजी, त्या बांधावर तुम्ही किती जणी बसला होतात?”

“दोनशे सोला,” आजीने सांगून टाकलं.

संघप्रियाने आकडा लिहिला नाही. “मोजल्या होत्या कुणी?”

“मी काय मोजनार? मना शंभराच्या म्होरं येतंय कुठं! पेपरात हाय. हिनी काल चार येला वाचून दावला.”

“बरं, नावं आठवतात का? जेवढी आठवतील तेवढी.”

आजीने सूप बाजूला सारलं. डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा ठेवत ती मोजू लागली. “मी. चांगुना. धर्मी. गोमी. बामी. हिरू, ती तलवलीची. हिरूची भावजय...” एका हाताची बारा पेरं संपली. उजव्या हाताच्या दुसऱ्या पेरावर अंगठा थांबला. चौदा. तो तिथून हलेना. ओठ मात्र हलत होते.

“आज सकालधरनं आटवतंय,” आजी म्हणाली. “दोनशे बाया, बाय. माज्या एका शब्दावं उन्हात बसल्या. आन मना त्यांची नावा बी सांगता येत नाय. काय म्हनत असतील त्या? सखू मोठी झाली, आमाला इसरली.” तिने पदराने डोळे टिपले.

उन्नती चहाचे कप घेऊन दारात उभी होती. संघप्रियाने वही मिटली. वाटेत येताना जुळवलेलं एकही वाक्य तिला सापडेना.

“आजी, तुम्ही कुणाला विसरला नाहीत. त्या दोनशे जणी नव्हत्याच. तो आकडा माझा आहे.”

मग तिने सगळं सांगितलं. लायब्ररी, गुणाकार, पेपर. आजीला ज्ञानकोश कळला नाही, पण गुणाकार कळला.

“अगं, अठरा-वीस बाया कामाला व्हत्या एकेका मिठागरावं! बसल्या कुठं सगल्या? बाकीच्या कामावं गेलत्या. आमालाच येड्या बोलत व्हत्या.” मग ती थांबली. “म्हंजी... मना सगल्या आटवल्या?”

“बहुतेक सगळ्या.”

आजी स्वतःशीच हसली, सूप पुढे ओढलं आणि करंदीतला कचरा वेचू लागली.

उन्नतीने कप खाली ठेवले. “काल तुला कळलं होतं. माझ्यासमोर बसून तू सुकट खात होतीस.”

“मला खात्री करायची होती.”

“झाली? मग आता एक काम कर. उद्या बारापर्यंत गप्प बस. फक्त गप्प. खोटं बोल असं मी म्हणतच नाहीये. आजी बसली होती हे खरंय ना? माठ आले हे खरंय ना? एका आकड्यासाठी तू सगळंच पुसणार?”

“आकड्यापुरतं नाही ते. पेपरात जे आहे ते सगळं माझ्याकडून गेलंय. दुसरा पुरावाच नाही, उन्नती. पान एका पायावर उभं आहे आणि तो पाय मी आहे.”

“आणि समिती? आप्पा?”

संघप्रिया वही पिशवीत कोंबू लागली.

“दुसऱ्या कुणाच्या आजीचं पान असतं तर तू पाटी लावून मोकळी झाली असतीस.”

“हो. आणि रात्री शांत झोपले असते.”

उन्नतीने तिचा न प्यायलेला कप उचलला आणि आत गेली. जाताना दार लावून घेतलं.

घणसोलीच्या रिक्षा स्टँडवर उभ्या उभ्या संघप्रियाने लिहिलं. तीन वेळा खोडलं. शेवटी एवढंच राहिलं: ‘हे कात्रण स्वतंत्र संदर्भ नाही. त्यातला मजकूर १४ ऑगस्ट २०२२ रोजी मिठागरांच्या लेखात घातलेल्या परिच्छेदावरून घेतलेला आहे. तो परिच्छेद खात्याविना मी लिहिला होता. २१६ हा आकडा मी अंदाजाने काढला होता आणि तो चुकीचा आहे. मिठागरांच्या लेखातून तो काढत आहे.’ तिने बटण दाबलं आणि मग रिक्षा समोर येऊन थांबली तरी तिला दिसली नाही.

रविवारी सकाळी तिने लायब्ररीतून केलेले आपले सगळे जुने बदल शोधून काढले. एकतीस निघाले. एकेक तपासत ती नवव्यापर्यंत आली होती, तेव्हा बारा वाजून चार मिनिटांनी पंढरींचा निकाल पडला. ‘पान काढून लेखिकेच्या धूळपाटीवर ठेवत आहे. स्वतंत्र पुरावा मिळाल्यास परत आणावे.’ धूळपाटी म्हणजे कच्चं लिहायची जागा. शोधणाऱ्याला ती सापडत नाही. खाली त्यांनी संघप्रियासाठी वेगळी ओळ लिहिली होती, ‘स्वतःहून सांगितलंत, आभार. पण असं अजून कुठे कुठे असेल, या विचाराने मला आज जेवण जाणार नाही.’

तिलाही गेलं नव्हतं. त्या वाक्याचे तुकडे टाकून तिने नेटवर शोधलं, तर आणखी दोन ठिकाणी दोनशे सोळा बायका निघाल्या. एका ठिकाणी तर ‘सुमारे’ गळून पडलं होतं.

चारला उन्नतीचा फोन आला. “सहाला समिती आहे. अर्जाला जोडलेली प्रत मी परत मागणार. का मागते ते तू सांगायचं. आकडा तुझा आहे, मी नाही सांगणार.”

“येते.”

गावदेवीच्या देवळासमोरच्या मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पंधरा-वीस माणसं बसली होती. उन्नतीने तिच्यासाठी जागा धरली नव्हती. पाळी आल्यावर उन्नतीने प्रत परत मागितली. मग संघप्रिया उभी राहिली आणि शनिवारी आजीला सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं.

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. “मंग नक्की किती व्हत्या?”

“आजींना चौदा नावं आठवतात. त्यापलीकडे मला माहीत नाही.”

“नेटवर नाय, पेपर खोटा, आकडा नाय. मंग पोरी, ठरावात लिवू काय?”

कुणीतरी हसलं. संघप्रिया बसणार, इतक्यात उन्नती उठली. तिच्या हातात आजीकडून नावं उतरवून घेतलेलं वहीचं पान होतं. ती एका दमात वाचू लागली. “सखू नामदेव म्हात्रे. चांगुणा. धर्मी. गोमी. बामी...”

“बामी?” मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. “कोनची बामी? या देवलामागची?”

“हो, तीच.”

“ती नाय बसली! माजी आयस ती. ती घरी बालंतीन व्हती, माज्याच येलंला. मरेपरत मना बोलून दावायची, तुज्यापायी मी बांधावं गेली नाय.”

“मंग सखू खोटा बोलतंय काय?” दुसरा कुणी म्हणाला.

“खोटा कशाला, चुकली असल. पन गोमी व्हती. गोमीचं मी ऐकलंय.”

“कुणाकडून?” संघप्रिया पुन्हा उभी राहिली होती, कधी, ते तिलाही कळलं नाही. एकदम चार-पाच जण बोलू लागले. आप्पा टेबलावर हात आपटत “नाव पुढच्या बैठकीला, पुढच्या बैठकीला!” असं ओरडत होते. ती खुर्च्यांमधून वाट काढत मागच्या रांगेशी पोचली, वही उघडली आणि वर तारीख घातली. उन्नती तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. वहीखाली तिने हाताचा आधार दिला.

“आजोबा, म्हणजे बायका बांधावर बसल्या तेव्हा तुमचा जन्म नुकताच झाला होता? किती दिवसांचे होता?”

“बारसा झाला नव्हता म्हंजी बारा दिसांच्या आतला.”

“तुमची जन्मतारीख काय?”

म्हाताऱ्याने तिच्याकडे, मग वहीकडे पाहिलं.

“कोनती सांगू?” तो म्हणाला. “शालेच्या दाखल्यावरची, का खरी?”