हवामान अनुकूल होते

“हे कुणी लिहिलंय?” ओस्ला हॅलक्रोने पत्र टेबलावर आपटले.

तुकडीचा प्रमुख रेनी उठून उभा राहिला. “मीच, बाई. बसा ना.”

“बसायला नाही आले. वाच. मोठ्यानं वाच.”

शेटलंड बेटांवरच्या त्या खाडीतून पाण्यावर उतरणारी विमाने शत्रूच्या पाणबुड्या हुडकायला जात. ओस्लाचा मुलगा लोरी अशाच एका विमानात बिनतारी यंत्रावर होता. अकरा दिवसांपूर्वी गेलेले ते विमान परतले नव्हते. बाकीच्या नऊ जणांची घरे दूर इंग्लंडात. लोरीचे सहा मैलांवर.

रेनी वाचू लागला, “‘उड्डाणाच्या वेळी हवामान अनुकूल होते...’”

“अनुकूल! त्या सकाळी मला दारातून माझा गोठा दिसेना. बंदरातून एक होडी सुटली नाही. वादळात हसत जाणारा म्हातारा जेमीसुद्धा चुलीपाशी बसून होता!”

“मजकूर ठरलेला असतो, बाई. सगळ्यांना तोच जातो.”

“म्हणजे दहा घरांना एकच खोटं. नऊ घरांना कळायचं नाही. मी इथंच होते, डोळे उघडे ठेवून.”

नवरा समुद्राने नेला तेव्हा ओस्ला रडली होती, संतापली नव्हती. त्याने आभाळ पाहून स्वतःच होडी सोडली होती. लोरीला कुणी विचारलेच नव्हते.

रेनीचा आवाज खाली गेला. “मी वर फोन केला होता. उड्डाण पुढं ढकला म्हणून. तीनदा केला.”

“मग?”

“नाही म्हणाले.”

“चौथ्यांदा का नाही केलास?”

ओस्लाने दौत रेनीपुढे सरकवली.

“खोड ते. खरं लिही.”

“माझ्यावर खटला होईल.”

“होऊ दे. खटला जिवंत माणसावरच होतो.”

त्याने ओळ खोडली. ‘दाट धुके होते. विमान पाठवायला नको होते,’ असे लिहून खाली सही केली. हेरिंग मासे चिरून चिरून व्रणांनी भरलेले बोट शब्दाशब्दावर ठेवत ओस्लाने ते वाचले आणि घडी घातली.

“बाहेर मोटार आहे,” रेनी म्हणाला. “सहा मैल चालायचं...”

“किती मैल आहेत ते मला नको सांगूस.”

ती चालत निघाली. लख्ख ऊन पडले होते. बाईंना घरी पोचवायचेच, असा मोटार चालवणाऱ्या मुलीला हुकूम होता. त्यामुळे सहाही मैल ती मोटार पावलाच्या गतीने ओस्लाच्या मागे येत राहिली. ओस्लाने एकदाही वळून पाहिले नाही.