शुद्धीत मारलेले फटके

मुलुंड चेकनाक्याजवळच्या यार्डात शिवदासला खुर्ची मिळाली ती त्याच्या पाठीमुळे. अर्धं आयुष्य त्याने न्हावाशेवा ते नागपूर कंटेनर ओढले होते. मणक्यातली गादी सरकली तेव्हा डॉक्टरांनी स्टेअरिंगला हात लावायची मनाई केली. मालक श्यामसुंदर शेठने त्याला घरी बसवलं नाही, फ्लीट मॅनेजर केलं. कुठली गाडी कुठे धावतेय, तिच्यावर कोण आहे, ब्रेक कधी तपासायचे, टायर कधी बदलायचे, सगळं आता शिवदासकडे आलं. कॉम्प्युटर त्याने मुलीकडून, सपनाकडून शिकून घेतला. घाटकोपरच्या वस्तीत त्याची बायको शकु सगळ्यांना सांगायची की आमचे हे आता साहेब झाले. शिवदासला ते ऐकून लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

यार्डातले ड्रायव्हर त्याचं ऐकायचे. ऐकत नव्हता तो सहदेव. दोघं एकाच गाडीवर शिकलेले, कसारा घाटात गाडी बंद पडली की एकाच स्टोव्हवर भात लावणारे. सहदेव मूळचा मालवणकडचा, हात सोन्यासारखा, पण अलीकडे दारू सकाळीच सुरू व्हायची.

त्या दिवशी सहदेवला केमिकलचे ड्रम घेऊन तळोज्याला जायचं होतं. गेटवर तोंडाने फुंकायचं मशीन होतं, त्यात तो नापास झाला. शिवदासने गाडीची चावी विकी नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरला दिली आणि सहदेवला केबिनमध्ये बोलावून घरी जाऊन झोपायला सांगितलं. सहदेव बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात टॉमी होती, चाकाचे नट खोलायची लोखंडी सळई.

"कालपर्यंत माझ्या बाजूला बसून घोरत होतंस," तो म्हणाला. "आज तू माका शिकवतंस?"

पहिला फटका कॉम्प्युटरवर बसला. दुसरा शिवदासच्या डोक्यावर येत होता, त्याने डावा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज त्याला कानांनी नाही, दातांत ऐकू आला. टेबलाची काच फुटून दोघांच्या पायाखाली पसरली. तिसऱ्या फटक्याला शिवदासने टॉमी उजव्या हाताने पकडली आणि पिळली. सहदेवच्या हातातून ती सुटली. तो मागे सरकत दाराबाहेर पडला आणि दोन ट्रकच्या मधल्या तेलकट जमिनीवर आपटला.

तिथे थांबता आलं असतं. शिवदास थांबला नाही. त्याने टॉमी सहदेवच्या गुडघ्यावर मारली. मग पुन्हा तिथेच. सहदेव कुशीवर वळला तर बरगड्यांत मारली. त्याच्या तोंडातून रक्त आणि लाळ एकत्र येत होती.

"शिवा, पुरे रे," सहदेव म्हणाला.

शिवदासला ते नीट ऐकू आलं. त्यानंतरही त्याने दोन फटके मारले. मग विकीने आणि बाकीच्यांनी त्याला मागून धरलं.

शेठने हे सगळं वरच्या गॅलरीतून पाहिलं होतं. शिवदासला त्याने चांगल्या हॉस्पिटलमध्ये नेलं, हाताला प्लास्टर घातलं जाईपर्यंत स्वतः थांबला. पोलिसांची काळजी करू नकोस, म्हणाला. सहदेव दारू पिऊन ट्रकवरून पडला असंच सगळे सांगणार होते. वर त्याने शिवदासच्या पाठीवर थोपटलं.

"कॉम्प्युटरवाले मला ढीगभर मिळतात, शिवा. मला हाच मॅनेजर पाहिजे होता. तो विकी पण हल्ली सुट्टी-सुट्टी करतो. बरा झालास की त्याला जरा समजाव."

खुर्ची आपल्याला कशासाठी दिली होती, ते शिवदासला तेव्हा कळलं. घरी आल्यावर शकुने विचारलं की लागलं कसं. त्याने खरं सांगितलं. ती उठून भाकरी थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सहदेवला ठेवलं होतं त्या महापालिकेच्या रुग्णालयात गेला. वॉर्डाबाहेर सहदेवची बायको जानकी उभी होती. त्याला पाहताच ती धावून आली आणि त्याच्या प्लास्टरवर दोन्ही मुठींनी मारत सुटली. कळ डोक्यात गेली, तरी शिवदासने हात मागे घेतला नाही. थकली तेव्हा ती भिंतीला टेकली.

"भावजी, ते प्यायलेले होते," ती म्हणाली. "तुम्ही तर शुद्धीत होतात."

तो आत गेलाच नाही. तिथून तडक पोलीस चौकीत गेला आणि झालं ते सगळं सांगितलं. सहदेवने आधी मारलं हेही सांगितलं, आणि तो पुरे म्हणाल्यावर आपण थांबलो नाही हेही. हवालदाराने दोनदा विचारलं की हे नक्की लिहायचं का. शिवदास हो म्हणाला.

डबा आणि चष्मा घ्यायला तो यार्डात गेला तेव्हा चौकीतली बातमी आधीच पोचली होती आणि शेठची दोन माणसं त्याची वाट बघत होती. त्यांनी त्याला ट्रकच्या मागच्या फाळक्यावर आदळलं. एकाने मोडका हात मागे ओढून धरला, दुसऱ्याने तोंडावर बुक्के मारले. पुढचे दात ओठातून बाहेर आले. तो खाली पडल्यावर बुटांनी मारलं. सगळे ड्रायव्हर उभे राहून बघत होते. कोणी पुढे झालं नाही. ती माणसं निघून गेल्यावर विकीने त्याला उचलून रिक्षात घातलं आणि त्याची मान धरून शेजारी बसला. रस्ताभर तो रडत होता.

केस शिवदास आणि सहदेव दोघांवर झाली, अजून चालू आहे. सहदेवचा गुडघा आता वाकत नाही. त्याने दारू सोडली असं जानकीने एकदा शकुला सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा धरली असंही सांगितलं. तो शिवदासशी बोलत नाही.

खूप ठिकाणी नकार ऐकल्यावर अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका मालवाहतूक कंपनीने शिवदासला बोलावलं. तिथल्या माधुरी मॅडमनी विचारलं की आधीचं काम का सोडलं. माणसाला मारलं, तो म्हणाला, आणि कसं मारलं तेही सांगितलं. त्यांनी पंखा बंद करायला सांगितला, जणू नीट ऐकायचं होतं. मग म्हणाल्या, या कामाला, पण हात उचलला की त्याच दिवशी बाहेर.

पहिल्याच आठवड्यात त्याने एका ड्रायव्हरची फेरी रद्द केली, गाडीचे ब्रेक धरत नव्हते म्हणून. ड्रायव्हर टेबलावर वाकून आईवरून शिव्या देऊ लागला. टेबलाखाली शिवदासची मूठ आपोआप वळली. ती उघडायला वेळ लागला. ड्रायव्हर दार आपटून गेला, तेव्हा शिवदासने मेकॅनिकला हाक मारली आणि गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घ्यायला सांगितली.