तिबीच्या नावाचं ताट

ओबोर बाजारातल्या मांस भाजायच्या भट्टीसमोर उभं राहूनही ज्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही तो माणूस मेलेलाच समजायचा, असं मी गिऱ्हाइकांना हसत सांगायचे. आता सांगत नाही.

बुखारेस्टच्या या बाजारात मी आंबवलेला कोबी विकते. पिंपात कोपरापर्यंत हात घालायचा, अख्खा गड्डा बाहेर काढायचा आणि पानं सुटी करून द्यायची. लोक त्यात खिमा-भात गुंडाळून सरमाले करतात. माझे हात बारा महिने गार असतात. त्या दिवशी ईस्टर होऊन आठवडा झाला असेल. सकाळची गर्दी ओसरली होती, तेवढ्यात पिंपापलीकडून कुणीतरी म्हणालं, "ताई, एक पान दे."

मला ताई म्हणणारा जगात एकच होता, माझा धाकटा भाऊ तिबी. त्याला पुरून सात वर्षं झाली होती.

वर पाहिलं तर तोच. गाल बसलेले, कोट खांद्यावरून ओघळणारा, पण तोच. मी किंचाळले नाही. हात लांब करून त्याचं मनगट धरलं. ते गरम होतं. मग मी त्याला एक सणसणीत शिवी हासडली, रडले, आणि रडता रडताच त्याच्या तळहातावर कोबीचं पान ठेवलं. त्याने ते सावकाश चावलं, गिळलं आणि मला विचारलं, "आंबट आहे का गं?"

तो जिवंत परत आल्याची भीती वाटली नव्हती. त्या प्रश्नाची मात्र वाटली.

तिबी गेला कसा, ते सांगते. त्याला स्पेनला शेतमजुरीला जायचं होतं आणि आमच्या आईने, पारास्किवाने, त्याचा पासपोर्ट पिठाच्या डब्यात लपवला होता. त्याने तो शोधून काढला, पीठ झटकलं आणि दारातून ओरडला, "मी मेलो असं समज." हट्टाला दोघंही सारखीच. त्याने फोन केला नाही आणि तिने मलाही करू दिला नाही. वर्षाच्या आत तिकडे मजुरांची गाडी कालव्यात पडली आणि तिबीचं जाकीट घातलेला, तिबीचं ओळखपत्र खिशात असलेला एक माणूस बंद पेटीत आमच्याकडे आला. पेटी उघडू नका, असं सांगितलं होतं. आम्ही उघडली नाही. ते जाकीट तिबीने थंडीत एका सोबत्याला, खिशातलं ओळखपत्र विसरून, देऊन टाकलं होतं आणि स्वतः दुसऱ्या शेतावर निघून गेला होता, हे आता कळलं.

आईने मेलेल्याचं करायचं ते सगळं केलं. आमच्यात मेलेल्याच्या नावाने ताट देतात. शेजाऱ्याला, परक्याला, कुणालाही जेवण द्यायचं, सोबत मातीचा पेला, चमचा, मेणबत्ती, आणि ज्याच्यासाठी देतो त्याचं नाव घ्यायचं. घेणारा म्हणतो 'बोगदाप्रोस्ते', म्हणजे देव त्याला क्षमा करो, आणि खातो. इथे खाल्लेलं तिकडे त्याला पोचतं. चाळिसाव्या दिवशी, मग वर्षाला, असं सात वर्षं द्यायचं असतं. आईने एकही चुकवलं नाही. गेल्या शरदात शेवटचं ताट दिलं आणि हात धुऊन म्हणाली, झालं, आता त्याचा तो.

मी तिबीला घरी नेलं तेव्हा तिने दार उघडून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बूट बाहेर काढ," म्हणाली, आणि भिंतीला टेकून तिथेच खाली बसली.

संध्याकाळी तिने रांधून वाढलं. तो खात होता, पण पोत्यात धान्य ओतावं तसं. आवडलं नाही का, असं तिने विचारल्यावर त्याने चमचा ठेवला आणि सांगायला लागला. तिकडे गेल्यावर काही महिन्यांनी त्याच्या तोंडाची चव गेली. पाठोपाठ भूकही गेली. मात्र कधीतरी, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात वाकलेला असताना, एकदम तोंडभर चव यायची. कधी सरमाले, कधी गोड शिजवलेले गहू आणि अक्रोड. पोट असं भरायचं की पुढे कितीतरी दिवस काही लागायचं नाही. बायकोच्या हातचं आठवत असेल, म्हणून बरोबरचे चिडवायचे, आणि बायको तर झालीच नव्हती.

"एकदा सरमाल्यांना मीठच नव्हतं," तो म्हणाला. "आणि भात कच्चा होता."

आईच्या हातातला डाव फरशीवर पडला. चाळिसाव्याचा स्वयंपाक तिने रडत रडत केला होता आणि मीठ घालायचं राहिलं होतं. हे फक्त आम्हा दोघींना आणि ज्या शेजारणींनी ते निमूट गिळलं त्यांना ठाऊक होतं.

"शरदापासून काहीच येत नाही," तिबी म्हणाला. "म्हणून आलो."

म्हणजे आम्हीच आमच्या हातांनी त्याचा घास उचलून पलीकडे ठेवला होता. सात वर्षं तो त्यावर जगला आणि आता तेही संपलं. आमच्या थडग्यात जो कोण बिचारा पडला आहे त्याला तर एक ताटसुद्धा मिळालं नव्हतं. आईने त्याच रात्री त्याच्यासाठी मेणबत्ती लावली, नाव ठाऊक नसताना.

डॉक्टरांनी तिबीचं रक्त तपासलं, पोटात नळी घालून पाहिलं. सगळं ठीक होतं. फक्त खाल्लेलं अंगी लागत नव्हतं आणि दर आठवड्याला तो पट्ट्याला नवं भोक पाडत होता. असंच चाललं तर तो उन्हाळा काढणार नाही, हे कुणी बोललं नाही तरी आम्हा तिघांनाही दिसत होतं.

माझा डॉक्टरांवर विश्वास कमी आणि जेवणावर जास्त. तिबी पूर्वी असा खायचा की बघणाऱ्याला भूक लागावी. शनिवारी दुकान आवरलं की आम्ही दोघं फिरायला निघायचो. डोंगरातून कुणी नवी बाई चीज घेऊन आली की त्याला वासावरून कळायचं. सहा जणींच्या सुरीच्या टोकावरचा तुकडा चाखून तो सातवीकडून घ्यायचा आणि सहा जणी त्याच्या नावाने बोटं मोडायच्या. म्हटलं, जिथे जिथे याची भूक सांडली असेल तिथून ती गोळा करू.

भट्टीवर गेलो. निखाऱ्यावर बोटाएवढे मितितेई, खिम्याचे रोल, चरचरत होते, धुराने डोळे झोंबत होते. भट्टीवाल्याने त्याला ओळखलं, हातातला चिमटा क्षणभर थांबला, आणि न मागता पुठ्ठ्याच्या ताटलीत चार रोल आणि मोहरीची चटणी जास्तीची वाढली. तिबीने खाल्लं आणि मान हलवली. ट्राम डेपोमागच्या खानावळीत गेलो, तिथलं वजडीचं सूप, लसूण-व्हिनेगर ओतून, वर तिखट मिरची. मिरचीने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडात काही नाही. खिडकीतून मिळणारे गरम तिळाचे पाव, स्टेशनासमोरचा सगळं घातलेला शावर्मा, साखरेत घोळवलेले तळलेले गोळे. शनिवारमागून शनिवार मी त्याला शहरभर फिरवलं आणि त्याच्या वाटचं मीच खाऊन जाड झाले. चीजवाल्या बाया सुरी पुढे करायच्या, तो तुकडा उचलायचा, आणि त्याचा चेहरा बघून त्यांची सुरी हळूच मागे जायची. चौथ्या शनिवारी कुणी सुरी पुढे केलीच नाही.

त्या रात्री तो आईला म्हणाला, "पुन्हा दे ना माझ्या नावाचं ताट. निदान पोट तरी भरेल."

आईने त्याच्या थोबाडीत मारली. नकळत झालं ते झालं, पण जित्या लेकाच्या नावाने जाणूनबुजून ताट देणं म्हणजे त्याला स्वतः खड्ड्यात ढकलणं.

मग उन्हाळ्यातला मृतांचा शनिवार आला. त्या दिवशी अख्खा बाजार मातीच्या पेल्यांनी आणि लाकडी चमच्यांनी भरतो आणि जो तो दुसऱ्याला ताट देत सुटतो. माझ्या शेजारी फुलं विकणारी झाम्फिरा आमच्याच इमारतीत राहते. तिने चेरीचा तुरा बांधलेला वाइनचा पेला आणि दुधातल्या भाताची वाटी तिबीच्या हातात दिली, आणि "माझ्या तुदोरसाठी," म्हणाली. नवऱ्याला जाऊन तिला बरीच वर्षं झाली आहेत. तिबी सवयीने "बोगदाप्रोस्ते" म्हणाला आणि चमचा तोंडात घातला.

मी गिऱ्हाइकाला पानं मोजून देत होते. मागे काहीतरी विचित्र आवाज झाला म्हणून वळले. तो वाटी चाटत होता. चेरी बियांसकट खाल्ल्या, बोटं चाटली, पेला तोंडावर उलटा करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला. "ताई, गोड आहे," म्हणाला आणि ढसाढसा रडला. मीही रडले. झाम्फिराला वाटलं तिचा भात फार छान झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आमचं दार वाजवलं. चेहरा उतरला होता. आत येईना, उंबऱ्यातूनच आईशी बोलली. "पारास्किवाकाकू, तुदोर आला होता स्वप्नात. पेला उलटा करून दाखवत होता. रिकामा. मी काल दिलं ते गेलं कुठे?"

आतून तिबी आला. त्याच्या गालांवर किती दिवसांनी रंग होता. झाम्फिराने त्याला नखशिखान्त पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि जिना उतरून गेली. त्यानंतर ती माझ्याशेजारी बसते, पण फुलांच्या बादल्या तिने मध्ये ओढून घेतल्या आहेत.

"त्याचं मी खाल्लं," तिबी म्हणाला. "आता कुणाचंच खाणार नाही."

आईने कपाट उघडलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका आपल्या मरणाची तयारी आधीच करून ठेवतात. तिचीही होती: काळा पोशाख, नवे बूट, टॉवेल, मेणबत्त्या आणि लोकांना द्यायचे पेले. तिने सगळे पेले काढून टेबलावर मांडले. मोठ्या ताटात सरमाले वाढले, पाव ठेवला, मेणबत्ती लावली. मला कळलं आणि मी तिचा हात धरला. ज्यांना मागे कुणी नसतं ते जिवंतपणीच स्वतःच्या नावाचं ताट देतात, तशी रीत आहे. पण तिला मी होते. मी तसं म्हटलंही. तिने माझा हात बाजूला केला.

"पारास्किवाच्या आत्म्यासाठी," ती तिबीला म्हणाली. "चाळिसाव्याचं, वर्षाचं, सातही वर्षांची. माझी सगळी तुला."

तिबी मागे सरकला. ताटाला हात लावणार नाही, म्हणाला.

"मी मेले असं समज," आई म्हणाली, "आणि खा."

मग सरमाल्यांची वाफ त्याच्याकडे गेली असावी, कारण त्याचं पोट गुरगुरलं. आम्हा तिघांनाही ऐकू आलं. तो "बोगदाप्रोस्ते" म्हणाला, म्हणताना आवाज फुटला, आणि तो खायला बसला. ताट संपवलं, पातेलं पुसून संपवलं, आणखी पाव मागितला. आई त्याच्याकडे बघत हसत होती, तो शाळेतून यायचा तेव्हा हसायची तशी.

त्याचं झाल्यावर तिने स्वतःला वाढून घेतलं. कोबीच्या पानाचा तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग तिबीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला विचारलं, "आंबट आहे का गं?"

आता शनिवारी आम्ही तिघं फिरतो. तिबीच्या नावाने चीजवाल्या पुन्हा बोटं मोडतात आणि भट्टीवाला त्याला सहा रोल वाढतो. आई समोर बसून त्याला खाताना बघते, कसं झालंय ते विचारते, आणि तो तिला प्रत्येक घासाची चव सांगतो. सांगताना मान खाली घालतो. घरी अजून तीच रांधते. मीठ कधी दुप्पट पडतं, कधी अजिबात पडत नाही. तिबी काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतो.

तिचा झगा मी दोनदा आत घेतला आहे. काल बाजारातून मी डझनभर मातीचे पेले आणले आणि माझ्या कपाटात, नुकत्याच शिवलेल्या माझ्या काळ्या पोशाखाशेजारी लावून ठेवले. एवढे कशाला, म्हणून आईने विचारलं. म्हटलं, स्वस्त मिळाले.