पाच रुपयांच्या वाढीचा पुरावा

आमच्या लाँड्रीचा वास मला अजून येतो. ओल्या सुती कापडातून निघणारी वाफ, कपड्यांना खुणेसाठी बांधलेल्या, शाईने आकडे घातलेल्या चिंध्या, तपकिरी कागदात बांधलेले गठ्ठे. माझे वडील, आप्पा, गल्ल्यावर आणि आत टेबलाशी कडक काका. हे नाव त्यांना इस्त्रीमुळे पडलं होतं, स्वभाव अगदी उलटा. कॉलर अशी बसवायचे की गिऱ्हाईक घरापर्यंत ताठ मानेने जायचं.

ते दुकान आता नाही. कसं गेलं, हे माझ्याशिवाय कुणालाच धड माहीत नाही.

आप्पांनी चार वर्षं इमानेइतबारे सेवा कर भरला, आणि मग कर सल्लागाराने सांगितलं की एवढ्याशा धंद्याला तो लागूच नव्हता. मी कपाळावर हात मारून घेतला. परतावा मागता येत होता, पण कर भरल्यापासून वर्षाच्या आत. म्हणजे तीन वर्षांचे पैसे पाण्यात गेले. आप्पा वर्षाचा कर एकदम भरायचे. शेवटच्या भरण्याला त्या शुक्रवारी वर्ष पुरं होत होतं. तेवढे जरी मिळाले असते, तरी थकलेलं भाडं फिटून दुकान वाचलं असतं. जागामालकाची नोटीस येऊन पडलीच होती.

दुसरी अट अशी, की कर आपल्या खिशातून गेला हे सिद्ध करायचं. गिऱ्हाइकांकडून तो वसूल केला असेल तर परतावा नाही. आमच्या पावत्यांवर कराचा उल्लेखही नव्हता, म्हणून मी निर्धास्त होते. पण सल्लागाराने जुनी दरपत्रकं काढली. कर सुरू झाला नेमक्या त्याच महिन्यात दर सुटाच्या इस्त्रीमागे पाच रुपये वाढवलेले. कुणीही म्हणेल, ही कराचीच वसुली.

तो गेल्यावर आप्पा मला म्हणाले, ते पाच रुपये एका बाईचा पगार होता. काकांना मोतीबिंदू झाला होता, घड्या तिरक्या पडायला लागल्या होत्या आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते घाबरायचे. ती बाई पहाटे सहाला यायची, आदल्या दिवशीचे कपडे पुन्हा इस्त्री करायची आणि काका यायच्या आत निघून जायची. काकांच्या नजरेला पडेल म्हणून तिची सहीसुद्धा कुठे घेतली नव्हती. आता ती कुठे असते, तेही ठाऊक नाही.

मी हे सल्लागाराच्या कानावर घातलं. तो म्हणाला, मग त्या जुन्या कारागिराने शपथेवर लिहून द्यावं की आपलं काम दुसरं कुणी दुरुस्त करायचं. चालेल.

"दुकान गेलं तर जाऊ दे," आप्पा म्हणाले. "त्यांना यातलं काही कळता कामा नये."

माझा संताप संताप झाला. शुक्रवारी आप्पांना न सांगता मी स्टॅम्पपेपर घेऊन काकांच्या घरी गेले. चाचरत बाईचा विषय काढला, तर ते हसलेच.

"डोळे गेले होते, बोटं नाही," काका म्हणाले. "सकाळी गठ्ठ्यावरून हात फिरवला की कळायचं. बाहीला मी कधी दुहेरी घडी घालत नाही, ती घालायची."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"आप्पा इतकं जपत होते, त्यांना कशाला ओशाळं करायचं? आण, कुठे सही करू? आता त्यांना कळेल, मला सगळं ठाऊक होतं. कळू दे. दुकान महत्त्वाचं."

त्यांनी पेनसाठी हात पुढे केला. दोघांनी इतकी वर्षं एकमेकांसाठी जपलेलं या एका सहीने उघडं पडणार होतं. पेन माझ्या पर्समध्येच होतं. मी म्हटलं, विसरले, घेऊन येते. आणि गेले ती सरळ घरी.

संध्याकाळी आप्पांनी घड्याळाकडे बघून विचारलं, "संपली मुदत?"

"संपली."

"काकांकडे गेली नव्हतीस ना?"

"नाही."

आप्पांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र त्यांच्यासमोर रडताही येईना.